डबी जागी कधी होते

१

ल्युबेनदादा मेले नव्हते. ते न्हाणीघरात दाढी करत होते, गालावर साबणाचा फेस होता, आणि बाहेर आमच्या त्रोयान गावच्या अग्निशमन दलाचे दोन दांडगे गडी त्यांचं पुढचं दार कुलपासकट उचकटून आत शिरले होते. त्यांच्या मागे शेजारची तोदोर्का, तिच्या मागे मी, आणि माझ्या मागे माझी बायको स्नेझाना. दादांनी आरशातून आमच्या वरातीकडे पाहिलं.

"या, बसा," ते म्हणाले. "कॉफी टाकतो."

"कॉफीचंच तर झालंय ना सगळं," तोदोर्का रडकुंडीला आली होती. "कालिनाचे हांबुर्गहून फोनावर फोन. म्हणते, आज कॉफी झालेली नाही, बाबा फोन उचलत नाहीत, बघा जाऊन. मी दार बडवलं, तुमचा पत्ता नाही. मग काय करणार?"

"मी कॉफी कधीच प्यायलो. आणि नळ चालू असला की मला दार ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

इथे जरा सांगायला हवं. कालिना ही दादांची एकुलती एक लेक, हांबुर्गला दातांच्या दवाखान्यात कामाला. बायको गेल्यापासून दादा एकटे. मागच्या वर्षी उन्हाळ्यात ते तळघराच्या जिन्यावरून घसरले आणि मनगट मोडून घेतलं. तेव्हा कालिनाने आठवडाभर येऊन दोन गोष्टी केल्या. तळघरात पाऊल टाकणार नाही असा शब्द बापाकडून घेतला, आणि विजेच्या मुख्य तारेला चिमटा लावून एक पांढरी डबी बसवली. घरात वीज किती जळते ते ही डबी वायफायवरून तिच्या मोबाईलला कळवते. सकाळी दादांनी विजेच्या शेगडीवर कॉफी ठेवली की तिकडे रेघेला एक उंचवटा येतो. तो दिसला की कालिना निश्चिंत मनाने कामाला जाते. दादा त्या डबीला चुगलखोर म्हणायचे, पण गुपचूप खूशही होते. लेक रोज सकाळी आपली चौकशी करते, भले डबीकडे का असेना.

आणि आता ही डबी नोव्हेंबरच्या अखेरीपासून मुकी झाली होती. मधूनच बोलायची, पुन्हा गप्प.

फोन वाजला. तोदोर्काने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाबा, माझ्याने आता होत नाही," कालिना म्हणाली. "डबी गप्प असतेच, त्यात तुम्ही फोनही उचलत नाही. परवा असंच, आज असंच. दर वेळी मी तुम्हाला मेलेलं बघते. सगळ्यांना विचारून झालं, डबीच्या आसपास काही बदललंय का? सगळे म्हणतात, काही नाही. मग काय समजू मी? नाताळला गाडी घेऊन येते, तुम्हाला इकडे घेऊन जाते. घराच्या किल्ल्या प्लामेनकडे द्या."

फोन बंद झाला. दादांच्या गालावरचा फेस वाळून पांढरा पापुद्रा झाला होता. ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"स्नेझाना," ते माझ्या बायकोला म्हणाले, "जळालेल्या गोठ्यांतून तू खोटारडे शोधून काढलेस. ही डबी कोण बंद पाडतंय तेवढं शोध. तिथे पाचव्या मजल्यावर बसून मी खिडकीतून काय बघू गं? मला माझ्या घरात राहायचंय."

२

माझी बायको विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करायची. गोठा जळाला, गाय बुडाली, पुरात फ्रीज वाहून गेला, की हिला पाठवायचे. तिच्यासमोर माणसं आधी रडायची, मग चिडायची, आणि शेवटी खरं बोलायची. मी आयुष्यभर बस चालवली. तिच्याशी लग्न करून एकही थाप मला पचवता आलेली नाही, त्यामुळे तिच्या हुशारीबद्दल माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

"दादा, एकच विचारते," ती म्हणाली. "तुम्ही तळघरात जाता?"

"मी? छे. पोरीला शब्द दिलाय."

स्नेझानाने चष्मा काढून पुसला. तीस वर्षांच्या संसारात मला कळलंय, ती चष्मा पुसते तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं.

डबी तळघरातच होती, जिन्याच्या पायथ्याशी, फ्यूजच्या फळीजवळ. राउटर वर बैठकीत. मधली जमीन सिमेंटची, म्हणून वायफाय काय ते जिन्याच्या भोकातून खाली उतरायचं. तेव्हा आधी आम्ही इंटरनेटवाल्या गांचोला गाठलं. तो बाजारपेठेतल्या खानावळीत आतड्यांचं सूप ओरपत होता.

"स्नेझानाताई, माझ्या लाइनीत काही दोष नाही," त्याने तोंडातला घास न संपवताच सांगितलं. "दोनदा जाऊन आलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून मोबाईल धरला, सगळ्या रेघा. डबी दोन हातांवर आणि मोबाईलला वायफाय टम्म. मग दोष कोणाचा? डबीचा. चिनी माल."

"डबीला हात लावून बघितलंस?"

"हात? त्या कोपऱ्यात शिरायचं म्हणजे पिंपाला मिठी मारावी लागते. शर्टाला आंबूस वास येत होता, बायको म्हणाली आधी आंघोळ कर. कसाबसा हात घालून बंद-चालू केली."

"गेल्या हिवाळ्यातही असंच झालं होतं म्हणे."

"झालं होतं. मीच दुरुस्त केलं. राउटर बदलला, मार्चपासून तक्रार नाही."

"मार्चपासून," स्नेझाना म्हणाली. "आणि राउटर कधी बदललास?"

गांचो विचारात पडला. "फेब्रुवारीत असेल. असल्या गोष्टींना बसायला वेळ लागतो ताई."

"राउटर म्हणजे काय घराचा पाया आहे, बसायला?" मी म्हटलं. बायकोने टेबलाखालून मला पाय मारला, पण ती हसत होती.

३

तोदोर्काचं स्वयंपाकघर म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र. आम्ही गेलो तेव्हा ती पीठ मळत होती. उकडलेल्या मक्याचा आणि बडीशेपेच्या काड्यांचा वास पसरला होता.

"मी कशाला बंद करीन ती डबी?" ती लगेच भडकली. "मीच तर अग्निशमनवाले बोलावले. दादा गेले तर मी कुंपणावरून भांडू कोणाशी?"

"बंद केलीस असं कोण म्हणालं? गेल्या वर्षी ती बरी कशी झाली, ते विचारते."

तोदोर्काने इकडेतिकडे पाहिलं. "माझ्यामुळे. जानेवारीत नदीवरून आशीर्वादाचं पाणी आणलं ना, ते मी डबीवर शिंपडलं. नजर लागली होती. हळूहळू उतरली. आधी दिवसातून कधीतरी बोलायची, मग निम्मा दिवस, मग पूर्ण."

"हळूहळू," स्नेझानाने तो शब्द चघळला. "आणि तळघरात तू कितीदा जातेस?"

"एकदाच. गड्डे भरायला. कोबी मी रचून देते, मीठ मी घालते. पण पुढे पाणी फिरवायचं काम प्लामेनचं. माझ्या गुडघ्यांनी तो जिना होत नाही."

आमच्याकडे कोबी आंबवताना अख्खे गड्डे पिंपात रचून वर खारं पाणी ओततात. दर दोन-तीन दिवसांनी खालच्या तोटीतून ते पाणी बादल्यांत काढायचं आणि पुन्हा वरून ओतायचं. नाहीतर वर अळणी, खाली खारट, आणि मधे कुजका. घराघरात तळघर आहे, तळघरा-तळघरात पिंप आहे, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात प्रत्येक घरातला एक पुरुष तोटीसमोर स्टुलावर बसलेला असतो. आमच्या घरात तो मी.

तिथून प्लामेनकडे. हा दादांचा पुतण्या, लाकडावर नक्षी कोरतो आणि पर्यटकांना विकतो. काकांच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या असं त्याच्या मनात आहे, हे गावाला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं की गावाला ठाऊक आहे.

"काकू, सरळ विचारा ना," तो छिन्नी खाली ठेवून म्हणाला. "काका गेले की घर मला, म्हणून मी डबी बंद पाडतो. हेच ना?"

"पाडतोस का?"

"नाही. उलट गेल्या वर्षी मीच दुरुस्त केली. मार्चच्या सुरुवातीला वायफाय वाढवायचं यंत्र आणून जिन्याच्या तोंडाशी लावलं. झटक्यात चालू."

"म्हणजे तूही," मी म्हणालो.

"मीही काय?"

"काही नाही. पुढे बोल."

"पुढे काय, यंत्र आजही तिथेच आहे आणि डबी बंद. खरं सांगू? घर हवंय मला, पण काकांना रडवून नको. तरी मला वाटतं, ते स्वतःच बंद करतात. कोणाला आवडेल रोज पाळत ठेवलेली?"

"बरं, पिंपातलं पाणी तू कोणत्या दिवशी फिरवतोस?"

प्लामेन गोंधळला. "पाणी? ते तोदोर्काकाकू बघतात. मी फक्त गड्डे खाली नेऊन दिले आणि पिंप विटांवर चढवलं. माझी कंबर अजून दुखतेय."

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "म्हणजे पाणी कोणीच फिरवत नाही. मग कोबी सडायला हवा."

"पण गांचोच्या शर्टाला आंबूस वास येत होता, सडका नाही," स्नेझाना म्हणाली. "त्या तळघरात कोणीतरी नेमाने जातंय, झाहारी."

४

कालिनाने स्नेझानाला मोबाईलवर ती विजेची रेघ बघायची मुभा दिली. दुपारभर माझी बायको सोफ्यावर पाय पसरून ती रेघ मागेपुढे सरकवत बसली. मी अक्रोड फोडून देत होतो.

"सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला," ती म्हणाली. "डबी मरते कधी? पण ती तर जवळजवळ कायमच मेलेली आहे. विचारायला हवं, जागी कधी होते?"

"मग, कधी होते?"

"दर दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळच्या सुमाराला. थोडाच वेळ. आणि हे बघ. जागी होते तेव्हा रेघ आधीपासून जराशी वर असते. पुन्हा झोपते तेव्हाही तेवढीच वर. घरात एक जादा दिवा लागलेला असतो. दादांकडे असा भुकेला जुना पिवळा बल्ब एकच उरलाय, तळघरातला. बाकी सगळे कालिनाने बदलले."

मी अक्रोड फोडायचा थांबलो. डबी जागी होते तेव्हा तळघरात कोणीतरी असतं. झोपते तेव्हाही असतं.

तेवढ्यात प्लामेन आला. त्यालाही कालिनाने ती रेघ दाखवली होती आणि त्यानेही तोच बल्ब ओळखला होता.

"काका आहेत, काकू," तो खुर्चीत बसत म्हणाला. "मी आत्ता विचारून आलो. आधी नाही म्हणाले, मग मान खाली घातली. जातात तळघरात. कालिनाला सांगितलं मी. म्हणाली, बाबा माझ्याशी खोटं बोलले, आता नाताळपर्यंतही थांबणार नाही. निकुलदेनला येते."

निकुलदेन, म्हणजे घरोघरी मासा भाजायचा सण, परवावर आला होता.

आम्ही तडक दादांकडे गेलो. ते स्वयंपाकघरात बसले होते, समोर प्लमची दारू होती, पण ग्लास भरलेला तसाच.

"जातो मी खाली," ते म्हणाले. "पाणी फिरवायला जातो. तोदोर्काला वाटतं प्लामेन फिरवतो, प्लामेनला वाटतं तोदोर्का. बरं पडतं ते. कालिनाला तर पिंप आहे हेच माहीत नाही. तिला वाटतं आई गेली तसा कोबीही गेला. पण त्या डबीला मी बोट लावलेलं नाही स्नेझाना. माझ्या गेलेल्या मारियाची शपथ."

"माझा विश्वास आहे," माझी बायको म्हणाली.

"माझा नव्हता," मी घरी परतताना कबूल केलं. "शब्द मोडला, खोटं बोलले, आणि डबीपाशी तेच एकटे असतात. अजून काय पाहिजे?"

"अरे बसवाल्या, डोकं वापर. ज्याला डबी बंद पाडायचीय तो ती एकदा बंद करील आणि वर येईल. दादा खाली जातात तेव्हा ती बंदच असते. ते असतात तोवर चालू होते, आणि ते निघायच्या आधी पुन्हा बंद. स्वतःच्याच चोरीच्या वेळी पहारेकऱ्याला जागं करणारा चोर मी तरी पाहिला नाही."

"मग कोण?"

"ते कळत नाहीये," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून मी फार कमी वेळा ऐकलंय, आणि ते ऐकून मला दादांसाठी वाईट वाटलं.

५

दुसऱ्या दिवशी पाणी फिरवायची पाळी माझी. हे काम मला आवडतं, खरं सांगतो. थंडगार तळघर, स्टूल, तोटीची धार, खिशातल्या मोबाईलवर वायफायमधून येणारी डोंगराकडची गाणी. एकच वैताग, नेमका स्टुलावर बसलो की गाणी बंद पडतात. मी त्या दिवशीही शिव्या घातल्या.

"कोणाला घालतोस?" जिन्याच्या वरून बायकोने विचारलं. ती लोणच्याची बरणी न्यायला आली होती.

"रेडिओला. दर वेळचं आहे. उभा असताना गातो, मी पिंपामागे बसलो की गप्प. दोन-तीन बादल्या भरल्या की साहेबांचा गळा पुन्हा उघडतो."

मी वर बघितलं. ती जिन्यातच बसली होती आणि चष्मा पुसत होती. समोर खोटं बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून मला जरा भीतीच वाटली.

"बादली भर," ती म्हणाली.

मी एक भरली. रेडिओ गप्प. दुसरी भरली. खरखर. तिसरी भरत आली आणि खिशातून बाई गायला लागली, मोठ्या आवाजात, मेंढपाळाच्या प्रेमात पडलेली.

"आता पाणी परत ओत."

"अगं, अजून अर्धंच..."

"ओत, झाहारी."

मी ओतलं. पुन्हा स्टुलावर बसेपर्यंत गाणं तुटलं, मेंढपाळ अर्ध्या वाटेत राहिला. मी पिंपाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"नाही," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. आणि ज्या बाईने गेल्या दहा वर्षांत माझा मुका घेतला नव्हता, तिने तळघरात, मिठाच्या पाण्याने हात बरबटलेले असताना, माझ्या टकलाचा मुका घेतला.

६

निकुलदेनच्या दुपारी दादांच्या भट्टीत अक्रोड भरलेला कार्प मासा भाजत होता आणि तो खायची इच्छा कोणालाच नव्हती. कालिनाची गाडी घाटातल्या बर्फामुळे पलीकडच्या गावात अडकली होती. सकाळपर्यंत रस्ता उघडणार नव्हता. ती फोनच्या पडद्यावर होती, डोळे सुजलेले. तोदोर्का, प्लामेन, गांचो, दादा, सगळ्यांना स्नेझानाने तळघरात उतरवलं. दादांना मी हाताला धरून उतरवलं. फोन प्लामेनने पायरीवर उभा केला.

"कालिना, तू विचारलंस, डबीच्या आसपास काय बदललंय," स्नेझाना म्हणाली. "सगळ्यांनी सांगितलं, काही नाही. आणि कोणी खोटं बोललं नाही. गांचो, तुझ्या आणि डबीच्या मधे काय आहे?"

"काही नाही. पिंप."

"प्लामेन?"

"पिंप आहे फक्त."

"बघ. माणसाच्या छातीएवढं पिंप, आणि सगळ्यांसाठी ते काही नाही. कारण नोव्हेंबरात तळघरात पिंप असणं म्हणजे जिन्याला पायऱ्या असणं. ते कोणाला दिसतच नाही. मलाही दिसलं नाही, मी त्या पिंपापाशी येणारा माणूस शोधत बसले." तिने पिंपावर थाप मारली. "वायफायला पाणी सोसत नाही, आणि खारं पाणी तर मुळीच नाही. वरून येणारी लहर जिन्यातून उतरते आणि डबीपाशी पोहोचण्याआधी यात बुडते. गांचोने मोबाईल पिंपाच्या अलीकडे धरला, त्याला सगळ्या रेघा. डबी पलीकडे, तिला काहीच नाही."

"आणि गेल्या वर्षी?" गांचोने विचारलं. त्याच्या राउटरची अब्रू पणाला लागली होती.

"गेल्या वर्षी कोबी हळूहळू संपला. दादा गड्डे वाटत गेले, पाणी खाली उतरत गेलं, डबी जास्त जास्त बोलायला लागली. मार्चमध्ये पिंप धुऊन उलटं ठेवलं, मग काय, झालीच बरी. राउटर, आशीर्वादाचं पाणी आणि प्लामेनचं यंत्र, तिघांनी आपापली पाठ थोपटून घेतली. झाहारी, तोटी उघड."

मी तोटी उघडली. तोदोर्काने वाकून पिंपामागच्या डबीवरच्या दिव्यावर नजर ठेवली. पहिली बादली भरली. लाल दिवा. दुसरी भरली, तरी लाल. मी तिसरी लावली आणि मनातल्या मनात देवाला आठवलं, कारण आमचं पिंप आमचं आहे आणि दादांचं दादांचं.

"हिरवा," तोदोर्का म्हणाली. "अगं बाई, हिरवा."

"दिसतंय मला," फोनमधून कालिना हळू आवाजात म्हणाली. "रेघ आली."

"दादा खाली यायचे, पाणी काढायचे, डबी जागी व्हायची. ते इकडे तोटीसमोर, त्यांना दिवा दिसायचा नाही. पाणी परत ओतलं की डबी गप्प. मग ते बल्ब बंद करून वर जायचे. एवढाच तुझा गुन्हेगार."

प्लामेन काकांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मला वाटलं, झालं, सुटलं. पण कालिनाचा चेहरा अजून आवळलेला होता.

"बाबा, एवढं मोठं पिंप कोणासाठी? तुम्ही एकटे. तुम्हाला तर जास्त कोबी सोसतही नाही."

दादा टोपी हातात घेऊन चुरगाळत राहिले.

"तू लहानपणापासून नाताळला घरी आलीस की आधी तळघरात पळायचीस," ते म्हणाले. "कोट न काढता. पिंपातलं पान फाडून उभ्याउभ्या खायचीस, आई ओरडायची. मग सारमीचं सारण गुंडाळायला पानं निवडायला तूच बसायचीस. आई गेल्यापासून नाताळला तू आली नाहीस, मुलांच्या शाळा, काम, सगळं खरं आहे. पण मला वाटायचं, यंदा येईल. आणि आली आणि पिंप रिकामं असलं तर? म्हणून भरतो. तू आली नाहीस की वाटून टाकतो."

पडद्यावर कालिनाने तोंड फिरवलं. ती रडत होती, आणि ते लपवायची तिची इच्छा नव्हती.

"पुढच्या वर्षी पिंप दुसऱ्या कोपऱ्यात ठेवू," गांचो घसा साफ करत म्हणाला. "किंवा डबीसाठी मी आत्ता वायर ओढतो. तासाभराचं काम."

"नको," कालिना म्हणाली. "राहू दे तिथेच. पिंप रिकामं होईपर्यंत मीच रोज सकाळी फोन करीन. प्लामेन, त्या जिन्याला कठडा बसवशील? बाबांना खाली जायला."

"आजच मोजमाप घेतो," प्लामेन म्हणाला.

तिसरी बादली वाहून माझ्या बुटात शिरली होती. कोणाचं लक्ष नव्हतं. वर भट्टीत कार्प किंचित करपला, आणि आम्ही तो काट्यांसकट साफ केला.

दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला. कालिना आली ती कोट न काढता सरळ तळघरात गेली. मागाहून नवरा आणि मुलं विमानाने आली, नाताळ झाला, सारम्यांची दोन मोठी भांडी फस्त झाली. गाडी परत गेली तेव्हा मागच्या बाकावर दादा नव्हते, कोबीच्या बरण्या होत्या. प्लामेनने कठड्यावर द्राक्षाची वेल कोरून दिलीय. पाहुण्यांच्या खोल्यांचं तो आता दादांशीच बोलतो. दादा म्हणतात, वरच्या दोन घे, पण तळघर माझं.

मार्चमध्ये पिंप धुऊन अंगणात उलटं ठेवलं गेलं. डबी तेव्हापासून अखंड बोलते, एक क्षण गप्प बसत नाही. तरी कालिनाचा सकाळचा फोन चुकलेला नाही. मागच्या आठवड्यात तिने स्नेझानाला रेघ दाखवली आणि विचारलं, बाबांच्या कॉफीचे हल्ली रोज दोन उंचवटे का येतात, काही बिघाड तर नाही ना?

स्नेझानाला जागचं हलावंही लागलं नाही. बिघाड वगैरे काही नाही, तिने सांगितलं. पहिली कॉफी तुझ्याशी बोलण्याच्या नादात उतू जाते.